घरचा हिशेब : कोहळ्याच्या बिया

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात सोनाळा हे गाव आहे. उत्तरेस अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर आणि दक्षिणेस पूर्णेच्या दिशेने उतरत जाणारी काळी जमीन, अशा दोन प्रदेशांच्या सीमेवर ते वसले आहे. संत सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले. या भागातील व्यापारी कुटुंबांची राहण्याची जुनी मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे : पुढे रस्त्याला लागून दुकान आणि मागे राहते घर. पुढच्या दुकानात प्रत्येक वस्तू तोलून दिली जाते आणि वहीत मांडली जाते. मागच्या स्वयंपाकघरातून काय काय न तोलता टाकून दिले जाते, याची नोंद मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही.

अशाच एका किराणा दुकानाच्या घरातील ही हकीकत आहे. दिवाळी नुकतीच आटोपली होती. शेतावरून आलेले चांगले मोठे कोहळे सूनबाईंनी भाजीसाठी चिरले, आतला तंतुमय गाभा बियांसकट काढला आणि गुरांसाठी ठेवलेल्या घमेल्यात टाकला. त्याच वेळी शाळेतून आलेला नातू दुकानातल्या फळीवरून एक चकचकीत पाकीट घेऊन आत आला. पाकिटात भाजलेल्या, गोड-तिखट मसाला लावलेल्या कोहळ्याच्या बिया होत्या. सासूबाई निवडणटिपण करीत बसल्या होत्या. त्यांनी एकदा पाकिटाकडे पाहिले, एकदा घमेल्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, घरचा माल उकिरड्यावर आणि बाहेरचा माल उधारीवर, असा कोणता व्यापार आपल्या घरात सुरू झाला?"

बोलणे थट्टेचे होते, पण सूनबाईंनी घमेले उचलून परत ओट्यावर आणले.

नाव एक, फळे दोन

पुढे जाण्यापूर्वी नावाचा घोटाळा दूर करणे इष्ट. विदर्भात ज्याला कोहळे म्हणतात तेच फळ कुठे गंगाफळ, कुठे डांगर आणि पुण्या-मुंबईकडे लाल भोपळा या नावाने विकले जाते. पश्चिम महाराष्ट्रात 'कोहळा' म्हटले की मात्र पांढरट, राखेचा लेप दिल्यासारखा दिसणारा पेठ्याचा कोहळा समजला जातो. आयुर्वेदातील कूष्मांड तो हाच. येथे विषय आहे तो केशरी गराच्या फळाचा.

विदर्भातील पंगतीत कोहळ्याच्या भाजीला इतका मान आहे की हे फळ अनादिकाळापासून आपलेच असावे असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे मूळ अमेरिका खंडात आहे. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या एका गुहेत याच कुळातील लागवडीच्या फळांच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया संशोधकांना सापडल्या आहेत. युरोपीय लोक अमेरिकेत पोहोचल्यानंतर हे फळ समुद्रमार्गे जगभर गेले आणि आपल्याकडेही रुजले.

फळ नवे असले तरी बिया राखून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. खरबूज, टरबूज, काकडी आणि कोहळे या चार फळांच्या बियांचा गर म्हणजे 'चार मगज'. किराणा व्यापाऱ्यांच्या दुकानात तो आजही असतो. थंडाईत, लाडवात, मुखवासात त्याचा उपयोग होतो. उन्हाळ्यात खरबूज चिरले की बिया धुऊन सुपात वाळत घालायच्या आणि दुपारी घरातील मुलांनी त्या नखांनी सोलायच्या, हे काम एका पिढीपूर्वी घरोघरी चाले. पाकिटे सहज मिळू लागली आणि ते बंद पडले.

पाकिटातील बिया हिरव्या आणि बिनटरफली का असतात, असा प्रश्न मुले विचारतात. ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात सुमारे शंभर वर्षांपूर्वी कोहळ्याच्या एका वाणात नैसर्गिक बदल होऊन त्याच्या बियांवरचे कठीण टरफल पातळ पापुद्र्यासारखे झाले. अशा वाणांच्या बिया सोलाव्या लागत नाहीत. इतर हिरव्या बिया यंत्रावर सोललेल्या असतात. आपल्या घरच्या कोहळ्याचे बी पांढऱ्या टरफलाचे असते, पण टरफलाच्या आत गर तोच असतो.

हिरवा ठिपका पुरेसा नाही

सासूबाईंनी चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचावयास घेतली. पुढच्या बाजूला शाकाहाराचा हिरवा ठिपका ठळक होता. मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी होती. त्यात बियांनंतर साखर, मीठ, मसाले, कांद्याची भुकटी, लसणाची भुकटी आणि मध अशी नावे क्रमाने आली.

येथे श्रावक कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. हिरवा ठिपका शासनाच्या व्याख्येप्रमाणे असतो, आपल्या आचाराप्रमाणे नव्हे. कांदा-लसूण वनस्पतिजन्य असल्याने त्यांचा या ठिपक्याशी संबंध नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत मांसाहाराची जी व्याख्या आहे तिच्यातून दूध आणि दुग्धजन्य पदार्थांप्रमाणे मधही वगळलेला आहे. म्हणजे मध घातलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका असणे कायद्याने योग्यच आहे. ज्या परंपरेत मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूळगुणांत मोजला जातो, त्या परंपरेतील घराने ठिपका पाहून थांबू नये. मागची यादी शेवटपर्यंत वाचावी. गोड आवरणाच्या बिया, सुकामेवा आणि नाश्त्याच्या पाकिटांत मध पुष्कळदा असतो.

यादीचा क्रमही बोलका असतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे असा नियम आहे. बियांच्या लगेच नंतर साखरेचे नाव असेल, तर बियांच्या खालोखाल वजन साखरेचे आहे, हे दुकानदाराला वेगळे सांगावे लागत नाही. पाकिटावर आता प्रति ग्रॅम किंमतही छापलेली असते. सूनबाईंनी ती हजाराने गुणली. उत्तर कित्येक शे रुपये किलो असे आले. घमेल्यातल्या गाभ्याकडे आता त्यांचे लक्ष वेगळ्या नजरेने गेले.

पहिला घाणा बिघडला

त्या दिवशीचा पहिला प्रयत्न फसला आणि तो कसा फसला हे सांगणे पाककृतीइतकेच उपयोगाचे आहे.

सूनबाईंनी बिया घाईने धुतल्या, फडक्याने पुसल्या आणि मोठ्या आचेवर कढईत टाकल्या. टरफले काळी पडली, आतला गर ओलसर राहिला. मग तापलेल्या तुपात त्यांनी तिखट टाकले. ते क्षणात करपले आणि दुकानापर्यंत ठसका गेला. शेवटी गुळाचा पाक कच्चा असतानाच बिया त्यात घातल्या. रात्री त्या खमंग लागल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात एकच चिकट गोळा होता.

तिन्ही चुकांची कारणे वेगवेगळी आहेत. ओल्या बीवर मोठी आच दिली की बाहेरचे टरफल जळते आणि आतले पाणी आतच राहते. लाल तिखटाला आच अगदी थोडी सोसते, म्हणून ते तापल्या स्निग्धात कधीही आधी पडू नये. आणि गूळ हा हवेतील ओलावा ओढून घेणारा पदार्थ आहे. त्याच्या पाकातील पाणी पुरेसे आटले नसेल, तर आवरण कुरकुरीत होतच नाही.

सासूबाईंनी सुनेला बोल लावला नाही. "चिक्की करताना जो पाक बघतेस तोच इथेही बघायचा," असे सांगून त्यांनी दुसऱ्या दिवशी कढईजवळ पाट मांडला.

रीत

फळ चिरल्यावर प्रथम गराचा एक लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. गर किंवा बी कडू लागले, तर ते सगळे फळ टाकून द्यावे. या कुळातील फळांत क्वचित कडवट विषारी द्रव्य वाढते. शिजवून वा भाजून ते जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होतात.

गाभा गाळलेल्या पाण्यात बुडवून हाताने चोळला की तंतू वेगळे होतात आणि बिया वर येतात. हे काम फळ चिरल्याबरोबर करावे. गाभा तसाच राहिला की त्याला मुंग्या आणि माश्या लागतात. जयणेच्या दृष्टीने आणि स्वच्छतेच्या दृष्टीनेही ते योग्य नाही.

धुतलेल्या बिया साध्या पाण्यात दहा मिनिटे उकळाव्यात. टरफल मऊ होते आणि पुढे भाजताना ते खुसखुशीत होते. पुष्कळ घरी याच पाण्यात मीठ घालतात. पण मग बियांत किती मीठ शिरले याचा अंदाज राहत नाही. म्हणून मीठ नंतर, मोजून घालणे बरे. उकळलेल्या बिया निथळून सुती कापडावर एकेरी पसराव्यात, वर दुसरे पातळ कापड झाकावे आणि पूर्ण एक दिवस वाळू द्याव्यात. ढगाळ हवा असेल तर दोन दिवस लागतात. बी वाकवून पाहावी. ती न वाकता कट्कन मोडली, की वाळली असे समजावे.

भाजण्यासाठी जाड बुडाची लोखंडी कढई आणि मंद आच हवी. हात थांबू देऊ नये. बारा ते पंधरा मिनिटांत बिया फुगतात, तडतडू लागतात आणि रंग फिकट सोनेरी होतो. एक बी फोडून पाहावी. आतला गर कोरडा आणि खमंग असेल तर कढई उतरावी. ओव्हन असलेल्यांनी १५० ते १६० अंश सेल्सिअसवर पंचवीस ते तीस मिनिटे ठेवून मधे दोनदा परतावे. बाजारातून आणलेल्या हिरव्या, सोललेल्या बिया मात्र उकळू नयेत. त्यांना मंद आचेवर चार-पाच मिनिटे पुरतात. त्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असल्याने त्या पाहता पाहता करपतात.

आता गोड-तिखट आवरण. भाजलेल्या १०० ग्रॅम बियांसाठी २५ ग्रॅम किसलेला गूळ, एक लहान चमचा तूप, दोन लहान चमचे पाणी, अर्धा चमचा लाल तिखट, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाव चमचा आमचूर, चिमूटभर सुंठ आणि पाव चमचा सैंधव घ्यावे. तिखट, जिरे, आमचूर, सुंठ आणि मीठ हा कोरडा मसाला आधीच एका वाटीत चाळून एकत्र करून ठेवावा. पाक झाल्यावर डबे शोधण्यास वेळ नसतो.

कढईत तूप, गूळ आणि पाणी मंद आचेवर ठेवावे. गूळ विरघळतो, फेस येतो, मग फेस दाट होतो. या वेळी वाटीभर थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकावा. थेंब बोटात दबला तर पाक कच्चा आहे. तो कडक होऊन मोडला तर पाक झाला. लगेच आच बंद करावी, बिया घालाव्यात, वरून मसाला भुरभुरावा आणि उलथण्याने भरभर हलवावे. तिखट आता उतरत्या उष्णतेवर पडते, म्हणून करपत नाही. तुपाचा हात लावलेल्या ताटात बिया पसराव्यात आणि कोमट असतानाच सुट्या कराव्यात. पूर्ण गार झाल्याखेरीज डब्यात भरू नयेत.

पावसाळ्यात गुळाचे आवरण लवकर ओलावते. त्या दिवसांत चार दिवस पुरतील एवढ्याच बिया कराव्यात, किंवा गुळाऐवजी साखरेचा पाक घ्यावा. तो अधिक काळ कोरडा राहतो. आवरण न लावलेल्या भाजक्या बिया घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर चांगल्या राहतात. बियांना खवट वास आला की हळहळ न करता त्या टाकाव्यात. जुने झालेले तेल पोटाला बाधते.

व्रताच्या दृष्टीनेही एक गोष्ट नोंदवावयास हवी. बी म्हणजे केवळ खाद्य नव्हे. तिच्यात उगवण्याची शक्ती असते, म्हणून कच्ची बी सचित्त मानली जाते. उकळून भाजल्यावर ती शक्ती उरत नाही. सचित्ताचा त्याग असणाऱ्यांना कच्च्या बिया वर्ज्य, भाजलेल्या ग्राह्य, असा सर्वसाधारण विचार आहे. तिथींचे आणि चातुर्मासाचे बारकावे घराघरांच्या रीतीप्रमाणे वेगळे असतात. ते आपल्या गुरुमहाराजांना विचारून ठरवावेत. दुकानात संध्याकाळी लागणारी भूक मात्र सर्वांची सारखीच असते. चौविहार पाळणाऱ्या दुकानदाराला सूर्यास्तापूर्वी गल्ल्यावर बसल्या बसल्या मूठभर बिया खाता येतात, त्यासाठी तळलेले फरसाण मागवावे लागत नाही.

सर्वांच्या वाटीत सारखे नाही

दुसरा घाणा उत्तम जमला. नातवाने दुकानातले पाकीट विसरून ताटातल्या बिया उचलल्या. सूनबाईंनी मोठ्या कौतुकाने एक वाटी सासऱ्यांपुढे नेऊन ठेवली. "बाबा, बाहेरचे काही नाही. सगळे घरचे आणि पौष्टिक आहे," असे त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी वाटी हातात घेतली, पण सासूबाईंनी त्यांना थांबविले. ते मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होते आणि त्यांचे पथ्य सुरू होते. "आधी डॉक्टरांना विचारू. पौष्टिक हा शब्द सर्वांना सारखा लागू होत नाही," असे त्या म्हणाल्या.

हा प्रसंग एका घराचा नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव या तालुक्यांतील अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी प्यायले. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या भागात मोठ्या संख्येने पुढे आल्या आणि त्यांची चर्चा वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत झाली. वान धरणाचे गोडे पाणी नळाने अनेक गावांत पोहोचू लागले, तरी ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुबळे झाले त्यांचे पथ्य संपलेले नाही. अशा प्रदेशात खाण्याच्या वस्तूविषयी लिहिताना 'सर्वांनी अवश्य खावे' असे सरसकट लिहिणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

डॉक्टरांकडे नेहमीच्या तपासणीची वेळ आली तेव्हा प्रश्न विचारला गेला. उत्तर स्पष्ट होते : त्यांना या बिया नकोत. मीठ अजिबात न घालता केल्या तरी नकोत. कारण केवळ मिठाचे नव्हते. सोललेल्या, वाळलेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे १,२०० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि ८०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंड जास्तीचे पोटॅशियम आणि फॉस्फरस शरीराबाहेर टाकते. दुबळे झालेले मूत्रपिंड ते टाकू शकत नाही. पोटॅशियम वाढले तर हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होतो, फॉस्फरस वाढले तर हाडे आणि रक्तवाहिन्या बिघडतात.

ज्यांना असे पथ्य नाही त्यांच्यासाठी मात्र जमेची बाजू मोठी आहे. तेवढ्याच १०० ग्रॅममध्ये सुमारे ३० ग्रॅम प्रथिने, ४९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, जवळजवळ ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, आठ ते नऊ मिलिग्रॅम लोह आणि सात ते आठ मिलिग्रॅम जस्त असते. टरफलासकट खाल्ल्यास हे आकडे कमी भरतात, तंतुमय भाग मात्र वाढतो. अंडी आणि मांस न खाणाऱ्या कुटुंबांना प्रथिने, लोह आणि जस्त यांसाठी डाळी, तीळ, शेंगदाणे आणि अशा बियांवरच अवलंबून राहावे लागते.

नावेची बाजूही मांडली पाहिजे. १०० ग्रॅम गर म्हणजे सुमारे ५६० कॅलरी. म्हणून हे मूठभर खाण्याचे खाद्य आहे, वाटीभर नव्हे. वर दिलेल्या मापाचे पाच वाटे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला २० ग्रॅम बिया, ५ ग्रॅम गूळ आणि साधारण एक तृतीयांश ग्रॅम मीठ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसभरात मिळून ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे. लोणचे, पापड, भाजी आणि डाळ यांतून ती मर्यादा सहज ओलांडली जाते. तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ वगळून आमचूर थोडा वाढवावा. मधुमेह असणाऱ्यांनी गुळाचे आवरण टाळून नुसता कोरडा मसाला लावावा. गूळ साखरेपेक्षा निर्दोष आहे ही समजूत रक्तातील साखरेच्या बाबतीत खरी नाही.

पाच वर्षांखालील मुलांना अख्ख्या बिया देऊ नयेत, त्या श्वासनलिकेत अडकण्याचे भय असते. त्यांना बियांची पूड पोळीत किंवा लाडवात द्यावी. कवळी असणाऱ्या वृद्धांना सोललेला गर द्यावा. आणि टरफलासकट बिया ओंजळीने खाणाऱ्यांचा कोठा जड होतो, हेही मुलांना वेळीच सांगून ठेवावे.

मुद्दल

सासऱ्यांची वाटी परत गेली तेव्हा सूनबाईंचा चेहरा उतरला होता. ज्यांना कौतुकाने द्यावे त्यांनाच ते चालत नाही, याचे त्यांना वाईट वाटले. दुकानात फरसाणाची पिशवी फोडून पंचवीस वर्षे संध्याकाळ काढलेल्या माणसाला आता घरच्या बियाही नाहीत, ही गोष्ट घरातल्या कोणालाच आवडली नव्हती.

सासरे मात्र दुसऱ्याच विचारात होते. त्यांनी विचारले, "पेरायला किती ठेवल्या?"

कोणीच ठेवल्या नव्हत्या. सगळ्या उकळल्या गेल्या होत्या आणि उकळलेली बी उगवत नाही.

पुढचे कोहळे चिरले गेले तेव्हा ते स्वतः पाट घेऊन ओट्याशेजारी बसले. बिया पाण्यात पडण्यापूर्वीच त्यांनी त्यांतल्या टपोऱ्या, भरीव, डाग नसलेल्या पंचवीस बिया निवडून बाजूला काढल्या. उरलेल्या स्वयंपाकघराच्या. "मुद्दल आधी बाजूला काढायचे. खायचे ते व्याज," असे ते नातवाला म्हणाले.

पेरणीच्या बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात, उन्हाच्या तापात नव्हे. चांगल्या वाळल्यावर चाळलेल्या कोरड्या राखेत घोळून कागदाच्या पुडीत ठेवल्या की कीड लागत नाही. कीड न लागू देणे हीच जयणा. लागल्यावर औषध मारण्याची वेळ येऊ नये. बी मात्र गावरान कोहळ्याचेच धरावे. संकरित वाणाच्या फळातील बी पेरले तर पुढचे फळ मूळ फळासारखे निघेलच असे नाही. शेजारच्या वेलाचे परागकणही मधमाश्या आणतात, म्हणून घरच्या बीतही थोडा फरक पडतो. तरीही दरवर्षी उत्तम फळातील उत्तम बी राखत गेल्यास वाण टिकतो. आपल्याकडील शेतकऱ्यांनी आजवर तो असाच टिकविला आहे.

आता त्या घरात कामाची वाटणी ठरली आहे. सूनबाई भाजतात. सासूबाई पाक पाहतात आणि पाकिटांच्या मागची यादी वाचतात. नातू दर शनिवारी १०० ग्रॅमचे पाच वाटे वजनकाट्यावर करतो आणि दुकानाच्या गल्ल्यावर एक लहान डबा नेऊन ठेवतो. नेहमीच्या गिऱ्हाइकालाही त्यातला चिमूटभर माल मिळतो. विक्रीला तो नाही.

सासऱ्यांच्या वाट्याला भाजलेल्या बिया नाहीत. त्यांच्याकडे कागदाच्या पुड्या आहेत. प्रत्येक पुडीवर त्यांच्या जुन्या, वळणदार अक्षरांत फळाचे वजन, चिरल्याची तारीख आणि बियांची संख्या लिहिलेली असते. मृग लागला की त्या पुड्या शेतावर जातात, काही शेजारी मागून नेतात. नेणाऱ्याचे नाव ते वहीत मांडतात आणि पुढच्या साली त्याने पंचवीस बिया परत आणून द्याव्यात, एवढीच अट घालतात.